निम्मं आटवलेलं पाणी

आमच्या सोसायटीतलं ते बाळ सोमवारी गोरं आणि शुक्रवारी सावळं दिसायचं. हे पहिल्यांदा त्याच्या आजींनी बोलून दाखवलं. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, आइतवार झाला की याचा रंग उघडते पाहा. माय घरी असते ना."

मी मान डोलावली आणि विषय तिथेच संपला.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती ती. पुण्याच्या पश्चिम कडेला आमची इमारत. गाव महापालिकेत आलं होतं, पण महापालिकेचं पाणी गावात आलं नव्हतं. सॉफ्टवेअर कंपन्या आधी आल्या, मग इमारती, मग रस्ते. नळ सगळ्यात शेवटी येणार होता. तोवर सगळी सोसायटी एका बोअरवर चालायची. पाणी स्वच्छ, थंड आणि चवीला चांगलं होतं. पेठेतून राहायला आलेले लोकही त्याच्या चवीचं कौतुक करत, म्हणजे पाणी खरोखरच चांगलं लागत असणार.

सकाळी कंपन्यांच्या गाड्या लोकांना उचलून नेत आणि इमारत रिकामी होई. मागे राहत म्हातारी माणसं, लहान मुलं आणि मी. माझी वर्तमानपत्रातली पाळी दुपारनंतर सुरू होत असे.

बाळाची आई एका कंपनीत इंजिनिअर होती. वडील तेव्हा कामासाठी अमेरिकेत होते. बाळंतपणाला लेकीनं माहेरी जायचं, ही रीत तिच्या नोकरीत बसेना, म्हणून माहेरच वर्ध्याकडून पुण्याला आलं. आजी डिंकाचे लाडू, बाळाच्या अंगाला लावायचं तेल आणि जाड बुडाचं एक पितळी पातेलं घेऊन आल्या. बाळंतपणाची रजा तेव्हा थोडी असे, आणि त्यातली बरीच बाळ व्हायच्या आधीच संपली होती. बाळ जेमतेम दोन महिन्यांचं झालं आणि आई कामावर गेली. ती रात्री उशिरा परतत असे, म्हणून सोमवार ते शुक्रवार डब्यातल्या पावडरीचं दूध, शनिवार-रविवार आईचं, अशी वाटणी झाली.

बाळाचा रंग बदलतो हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि निदानही झालं. खालच्या मजल्यावरच्या एक बाई दुधाची पिशवी घेताना म्हणाल्या, "आई नसली की लेकरू झुरणारच. पगार आईला गोड, बाटली बाळाला." हे बाळाच्या आईच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या. तिनं ऐकलं, आणि खांद्यावरची लॅपटॉपची बॅग सावरून ती गाडीत बसली.

आजींचं निदान दृष्ट लागण्याचं होतं. त्या रोज मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकत.

डॉक्टरकडे नेलंच नाही असं नव्हे. आईनं बाळाला जवळच्या दवाखान्यात दाखवलं होतं. छाती साफ होती. हृदयाची सोनोग्राफी झाली, तीही ठीक. वजन थोडं कमी, बाकी काही नाही. पण या सगळ्या तपासण्या शनिवारी संध्याकाळी झाल्या होत्या. आईला सुट्टी शनिवारी, म्हणून डॉक्टरची वेळही शनिवारची. दर वेळी डॉक्टरांसमोर आलं ते आईचं दूध प्यायलेलं, गुलाबी बाळ. "तुम्हाला काळजी जास्त वाटते," असं त्यांनी तिला सांगितलं, आणि समोर जे दिसत होतं त्यावरून ते चूक नव्हतं.

मग तो गुरुवार आला. सकाळी उशिरा आजींनी दार वाजवलं. बाळ त्यांच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं होतं. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झालेले, आणि बाकीच्या अंगावर पाटीच्या दगडाची छटा. ते रडत नव्हतं. डोळे अर्धे मिटलेले.

"भाऊ, हे जागं होऊन नाही राहिलं."

मी गाडी काढली. जवळचा दवाखाना संध्याकाळी उघडणार होता. माझ्या घरातली मुलं नारायण पेठेतल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या हाताखालून गेली होती. त्यांचं छोटं रुग्णालय होतं, खाली दवाखाना आणि वर काही खाटा. तिकडे जायचं ठरवलं. निघण्याआधी बाळाच्या आईला कंपनीत फोन केला. ती तिकडून परस्पर येणार होती.

डॉक्टरीणबाई साठीच्या आसपास होत्या. आवाज खालचा, वाक्यं आखूड. आजी दारातच रडायला लागल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "रडणं नंतर. आधी बाळ माझ्याकडे द्या."

पुढे जे घडलं ते मी भिंतीला टेकून पाहिलं. माझ्या धंद्यात माणसं घाईत कसं काम करतात ते रोज दिसतं. अशी बिनघाईची घाई क्वचितच दिसली.

त्यांनी बाळाची छाती ऐकली. मग नुसत्याच त्याच्या श्वासाकडे पाहत राहिल्या. नर्सला म्हणाल्या, "इतकं निळं बाळ इतका शांत श्वास घेत नाही. छाती बिघडली असती तर ते धापा टाकत असतं." प्राणवायू लावला. पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावलं. आकडा पंच्याऐंशीच्या आसपास होता. प्राणवायू वाढवला, तरी तो तिथेच. ना वर, ना खाली. बाळ मात्र त्या आकड्याच्या मानानं फारच निळं होतं. बाईंनी यंत्राकडे पाठ केली.

"हे खोटं बोलतंय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बाळाचं थोडं रक्त काढलं. सिरिंजमध्ये आलं ते लाल नव्हतं. काकवीसारखं, चॉकलेटी होतं. त्यांनी पांढरा टीपकागद मागवला आणि त्यावर एक थेंब सोडला. लगेच स्वतःच्या बोटाला सुई टोचून शेजारी दुसरा थेंब टाकला आणि कागद पंख्याखाली धरला. त्यांच्या रक्ताचा थेंब हवेनं आणखी लाल झाला. बाळाचा होता तसाच तपकिरी राहिला.

"शिकत असताना रंगाच्या कारखान्यातले कामगार पाहिले होते असे," त्या म्हणाल्या. "बाळ नव्हतं पाहिलं."

या विकाराला मेथहिमोग्लोबिनेमिया म्हणतात. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. काही रसायनांमुळे त्या लोहाचं रूप बदलतं आणि मग ते प्राणवायू उचलेनासं होतं. छाती आणि हृदय आपापलं काम करत राहतात, पण वाहून नेणारंच बिघडलेलं असतं. नाकाशी कितीही प्राणवायू सोडला तरी उपयोग होत नाही. मोठ्या माणसाचं शरीर असं बिघडलेलं हिमोग्लोबिन पुन्हा सुधारून घेतं. दोन-तीन महिन्यांच्या बाळाची ती ताकद अजून पुरती आलेली नसते.

हे मला नंतर नीट कळलं. त्या वेळी बाई आजींना प्रश्न विचारत होत्या, आणि त्या प्रश्नांना क्रम होता.

"अंगाला काय लावलं?"

"तेल. घरचं."

"हिरड्यांना मलम? काही नवं औषध?"

"नाही जी."

"कपड्यांवर शाईचा शिक्का? कुठलं नवं दुपटं, न धुता वापरलेलं?"

"म्या सगळं दोनदा धुते."

"दूध?"

"डब्याचं. शनवार-आइतवार मायचं."

बाई थांबल्या. "आणि रंग कधी जातो?"

"शुक्रवारी जास्ती. आइतवारी बरा असते."

"पावडरीत पाणी कसं घालता?"

इथे आजी ताठ झाल्या. तोवरच्या सगळ्या रडण्यातून अभिमान वर आला. "पाण्याचं तर नावच घेऊ नका, बाई. कच्चा थेंब नाही पाजला. पितळी पातेलं भरून ठेवते. निम्मं राहिलं की उतरवते. बाळंतिणीले आन् लेकराले तसंच द्यावं लागते."

"निम्मं."

"निम्मं. पोट बिघडलं काय कधी त्याचं? विचारा."

बाईंनी मान वळवून मला विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठलं?"

"बोअरचं," मी म्हणालो.

पुढे त्यांनी केलं ते मला आजही त्यांच्या निदानाइतकंच मोठं वाटतं. उत्तर त्यांना मिळालं होतं, आणि ते आजींच्या हातात होतं. तेव्हा तिथे त्यांनी ते उच्चारलं नाही. "ठीक," एवढंच म्हणाल्या, आणि आजींना वेगळाच प्रश्न विचारला.

"तुम्हाला मुलगे किती? मलेरियाच्या किंवा कसल्या गोळ्यांनंतर त्यांच्यापैकी कुणाला कावीळ झाली? लघवी काळी झाली?"

आजी गोंधळल्या. "दोघं हायेत. मलेरिया दोघांनाही झाला. गोळ्या खाल्ल्या, बरे झाले."

हा प्रश्न औषधासाठी होता. काही घराण्यांत रक्तातलं एक द्रव्य जन्मतः कमी असतं. ही उणीव आईकडून मुलाकडे येते, म्हणून मामांची चौकशी. अशा बाळाला हे औषध दिलं तर रक्त सुधारण्याऐवजी फुटतं. तपासणीसाठी नमुना त्यांनी प्रयोगशाळेत पाठवला, पण उत्तर यायला वेळ लागणार होता, आणि बाळ आता चिमटा काढला तरच डोळे उघडत होतं. मामांनी मलेरियाच्या गोळ्या पचवल्या होत्या. बाईंनी तेवढ्या आधारावर निर्णय घेतला.

औषधाचं नाव मिथिलीन ब्लू. निळ्या बाळाला निळं औषध. त्यांच्याकडे ते नव्हतं. शहरातल्या बहुतेक लहान रुग्णालयांत नसायचं. त्यांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो स्वारगेटपलीकडच्या एका मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होता, आणि तिथे शस्त्रक्रियेसाठी या औषधाच्या कुप्या ठेवत.

मी रिक्षानं गेलो. गाडीला नारायण पेठेत जागा मिळाली होती आणि ती सोडणं शहाणपणाचं नव्हतं. परत आलो तेव्हा बाळाची आई पोचली होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं. कानाला फोन, पलीकडे नवरा. त्यानं तिकडे बसून इंटरनेटवर सगळं वाचलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तो म्हणतो, मिथिलीन ब्लू शोभेच्या माशांच्या दुकानात पण मिळतं. लगेच मिळेल. आणू का?"

"आपलं बाळ मासा आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग त्यांना सांगा, फोन ठेवा आणि झोपा. शिरेत द्यायचं औषध वेगळं असतं."

त्यांनी बाळाचं वजन स्वतः पुन्हा केलं. मात्रा कागदावर काढली, नर्सला वेगळी काढायला लावली आणि दोघींचं उत्तर जुळल्यावरच सिरिंज भरली. गडद निळं, जवळजवळ काळं दिसणारं औषध त्या अगदी संथपणे शिरेत सोडू लागल्या.

आणि यंत्रावरचा आकडा घसरू लागला. पंच्याऐंशीवरून सत्तरीत, मग त्याही खाली. आईच्या तोंडून आवाज निघाला. तिनं बाईंचा हातच धरला असता, पण मध्ये नर्स उभी होती.

"त्या आकड्याकडे पाहू नका," बाई सिरिंजवरची नजर न हलवता म्हणाल्या. "निळं औषध रक्तात गेलं की यंत्र फसतं. मघाशीही फसलंच होतं. तुम्ही इंजिनिअर आहात ना? यंत्रावर इतका विश्वास ठेवता?"

"मग कुठे पाहू?"

"बाळाकडे. ओठांकडे."

आईनं ओठांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. बराच वेळ काही झालं नाही. मग पाटीचा रंग गालांवरून उतरू लागला. आधी कानाच्या पाळ्या, मग ओठांच्या कडा. जांभळं फिकं झालं, फिक्यातून गुलाबी आलं. तासाभरात बाळ रडलं. मोठ्यानं, भुकेनं, चिडून. आईनं त्याला छातीशी घेतलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आता तुम्हीही रडलात तरी चालेल."

आजी रडल्या नाहीत. त्या खाटेजवळ उभ्या होत्या आणि त्यांना काहीतरी कळत चाललं होतं.

"बाई, तुमी पाण्याचं काहून विचारलं?"

आता बाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या. "कालवण आटवलं की कसं लागतं?"

"खारट."

"मीठ वाढलं का?"

"नाही. पाणी कमी झालं." आजी थांबल्या. "त्या पाण्यात मीठ हाय?"

"मिठासारखं काहीतरी. खतातून, शेणातून जमिनीत उतरतं, तिथून बोअरमध्ये. नायट्रेट म्हणतात. चव लागत नाही, वास येत नाही. उकळून जात नाही, आटवलं की घट्ट होतं."

"म्हंजे म्याच…"

"म्हणजे बोअर," बाईंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "तुम्ही नव्हे. तुम्ही पाणी उकळलं नसतंत, तर हे बाळ जुलाब होऊन आधीच माझ्याकडे आलं असतं. पातेल्याचा दोष नाही, पाण्याचा आहे. आणि हिच्या नोकरीचाही नाही." शेवटचं वाक्य त्या आईकडे न पाहता म्हणाल्या. सोसायटीतलं बोलणं त्यांना कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. मी नव्हतं सांगितलं. इतकी बाळं पाहिलेल्या बाईंना बहुधा ते सांगावं लागत नसावं.

बाळ काही दिवस तिथेच राहिलं. लघवी निळसर हिरवी होत होती, औषधाचा तो नेहमीचा परिणाम. लंगोटांवर डाग पडले. आजींनी ते टाकून दिले नाहीत. घरी आल्यावर ओळीनं गॅलरीत वाळत घातले. दुधाच्या पिशवीवाल्या बाईंनी वर पाहून विचारलं, "काय आजी, लेकरानं रंगपंचमी खेळली का?"

"खेळलं," आजी म्हणाल्या, "आन् जितलं."

पुढच्या रविवारी डॉक्टरीणबाई स्वतः आमच्या सोसायटीत आल्या. त्यांना बोअर पाहायचं होतं, कारण गावात आणखीही बाळं होती. जमिनीचे मूळ मालक इमारतीतच राहायचे. शेत विकताना बिल्डरकडून दोन फ्लॅट घेतले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. पाण्यावर ठपका आला, हे त्यांना जमिनीवर ठपका आल्यासारखं लागलं होतं.

"पानी ग्वाड हाय, बाई. माझा बा ह्याच पान्यावर म्हातारा झाला."

"तुमचे वडील तान्हे असताना बाटलीनं प्यायले का?"

"तवा कुठली बाटली!"

"म्हणजे पाणी आई प्यायली आणि ते आईचं दूध प्यायले. आईच्या दुधात हे फारसं उतरत नाही. बोअर कुणी दाखवलं, इथे घ्या म्हणून?"

"म्याच दाखवलं. हितली जिमीन सोनं हाय. हितं आमचा गोठा व्हता. उकिरडा बी हितंच, धा गाड्या खत निघायचं वर्साला. म्हनून तर झाडं बगा कशी…"

तात्या बोलता बोलता थांबले. बोअरकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी बाटलीत पाणी भरून घेतलं आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली.

पाण्याचा अहवाल आला. नायट्रेट मर्यादेच्या खूप वर होतं, न आटवतासुद्धा. आजींच्या पातेल्यात ते दुप्पट होत असे. तात्यांनी दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरच्या नळाला स्वतःच्या हातानं धोक्याचा लाल रंग दिला आणि गावात दोन-तीन ठिकाणी जाऊन तान्ह्या बाळांच्या घरी सांगून आले. कुणी उलट बोललं तर "माझा बा" हेच सुरुवातीचे शब्द असत, पण वाक्य आता वेगळ्या ठिकाणी संपायचं.

मी या घटनेवर एक छोटी बातमी लिहिली. छापण्याआधी बाईंना दाखवली. त्यांनी एकच शब्द खोडला: चमत्कार. "हे पुस्तकात आहे," त्या म्हणाल्या. त्यांचं आणि रुग्णालयाचं नाव त्यांनी आधीच नको म्हटलं होतं.

राहिला प्रश्न बाळाच्या पाण्याचा. आईनं विकतचे जार सुचवले. "त्यातलं पाणी कुठल्या बोअरचं, ते विचारलंत का?" बाईंनी विचारलं. आईनं विचारलं नव्हतं. "माझ्या नळाला महापालिकेचं येतं. मोजून पाहिलंय. घेऊन जा." मग महापालिकेचा नळ आमच्याकडे येईपर्यंत मी ऑफिसला जाताना रिकामा कॅन त्यांच्या दवाखान्यात ठेवायचो आणि काम संपल्यावर भरलेला घेऊन यायचो. कंपाउंडर तो कॅन इतर कुणाला वापरू देत नसे.

पण आजींचा हात सुधारायला वेळ लागला. पाणी फक्त उकळायचं, आटवायचं नाही, एवढंच सांगितलं होतं. आयुष्यभराची सवय मात्र उलटी. उकळी फुटली की गॅस बंद करायचा, हे त्यांना पाणी अर्धवट सोडल्यासारखं वाटे. म्हणून त्या आता ओट्यापाशी उभ्या राहत, पातेल्यावरची नजर न हलवता. पाणी जाईल म्हणून नव्हे, स्वतःचा हात थांबेल की नाही म्हणून.

डॉक्टरीणबाई रोज दुपारी, दवाखाना बंद करण्याआधी, त्यांना फोन करत. बाळाचं वजन, खाणं, झोप याबद्दल काही विचारत नसत, ते तपासणीत दिसायचंच. प्रश्न एकच असे. आमची दोन्ही घरं समोरासमोर, दारं दुपारी उघडी असत, म्हणून मला फोनचा एका बाजूचा आवाज ऐकू येई.

"नाही जी," आजी म्हणत. "उकळी फुटली, उतरवलं."

मग पलीकडून काहीतरी बोललं जाई, आणि आजी हसत.

बाळ सहा महिन्यांचं होऊन वरणभात खाऊ लागलं तरी हा फोन काही दिवस येत राहिला. एकदा आजींनीच विचारलं, "बाई, आता तर तो मोठा झाला. आता काहून विचारता?" उत्तर काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण "माह्यासाठी?" असं आजी हळूच म्हणाल्या. आजींनी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेल्या आणि पितळी पातेलं घासून फडताळात वर ठेवलं. बाळ खाली चटईवर पालथं पडलं होतं. मंगळवार होता. ओठ गुलाबी होते.